ही रेघ मधली की कडेची, असं विचारणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण तुम्ही मला जे शिकवलंत ते सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम काढणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे. आणि तुमचे आभार मानायचे तेव्हा राहूनच गेले.

मशिनखालची ती फ्रेम आठवते? बाहेरून १२०० बाय ९०० मिलिमीटर हवी होती. मी स्केचमध्ये तेवढाच आयत काढला, त्यावर ५० बाय ५० चा स्क्वेअर पाइप बसवला आणि तुकड्यांच्या मापांची कटिंग लिस्ट वर्कशॉपवर पाठवली. टॅक, म्हणजे तात्पुरते वेल्डचे ठिपके, मारून झाल्यावर फ्रेम जागेवर बसेना. टेप लावला तर १२५० बाय ९५०! मी पुन्हा पुन्हा स्केच उघडून बघत होतो आणि तिथे १२०० च दिसत होतं.

तुम्ही शेजारी खुर्ची ओढलीत आणि एवढंच विचारलंत, "ही रेघ पाइपच्या मधली की कडेची?" मला सांगता येईना. मग तुम्ही कागदावर एकच कोपरा मोठा काढलात. पाइपचा मध्य रेघेवर बसला की दोन्हीकडे २५-२५ मिलिमीटर बाहेर जातात, ते तिरप्या रेघोट्यांनी भरून दाखवलंत. मग सॉफ्टवेअरमधलं ‘लोकेट प्रोफाइल’ बटण दाबून पाइपचा बाहेरचा कोपरा रेघेवर आणलात आणि अख्खी फ्रेम माझ्या डोळ्यांसमोर आत सरकली. तुकडे लांब कापले गेले होते म्हणून बरं. टॅक ग्राइंडरने उडवून तेच तुकडे ५० ने कमी करून वापरता आले. आखूड असते तर सगळा माल वाया गेला असता.

त्या कोपऱ्याचं मोल पुढे कळलं. लोड वाढला, ६० बाय ६० घ्यायचं ठरलं. मी सेक्शन, म्हणजे पाइपचा आकार, बदलला, तोच कोपरा रेघेवर आहे ना हे बघितलं, आणि पाइप फक्त आतल्या अंगाला वाढला. स्केचला हातही लावावा लागला नाही.

त्याच दिवशी तुम्ही माझ्या स्केचचा एक निळा कोपरा माउसने धरून ओढलात आणि सरळ दिसणारी फ्रेम कलंडली. "निळं आहे तोवर मोकळं आहे," म्हणालात. मी दिसेल त्या रेघेला डायमेन्शन देत सुटलो होतो. तुम्ही त्यातली निम्मी काढून समांतर, समान, मध्यबिंदू अशी नाती जोडलीत, आणि सगळ्या रेघा काळ्या, म्हणजे पक्क्या, झाल्या.

थ्रीडी स्केचचंही तसंच. समोरून जुळलेली टोकं व्ह्यू फिरवल्यावर हातभर लांब निघायची. खालचा आयत एका प्लेनवर, वरचा दुसऱ्या प्लेनवर काढायचा आणि थ्रीडीमध्ये फक्त पाय जोडायचे, ही तुमची पद्धत मी अजून सोडलेली नाही.

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते ड्रॉइंग पाठवण्याआधीचं तुमचं शेवटचं काम. तुम्ही त्यावर कर्णाचं माप टाकलंत, १५००. १२०० आणि ९०० चा कर्ण अगदी पूर्ण आकड्यात येतो. वेल्डरने दोन्ही कर्णांवर टेप धरला की फ्रेम काटकोनात आहे की नाही हे त्याला तिथल्या तिथे कळतं, कुणाला विचारायला यावं लागत नाही. मी तोवर ड्रॉइंग फक्त कॉम्प्युटरसाठी काढत होतो. समोर वेल्डिंगचा टॉर्च धरून बसलेल्या माणसाचा विचार करायला तुम्ही लावलंत, आणि त्यासाठी मी मनापासून ऋणी आहे.

सध्या तिरप्या पायांचं एक स्टँड करतोय. पाय बेसप्लेटला मिळतात तिथला ट्रिम, म्हणजे पाइपची छाट, मनासारखा येत नाहीये. येत्या आठवड्यात फाइल घेऊन येतो. रेघ कुठली, ते पाठ करूनच येईन.

तुमचा,
पलीकडच्या टेबलावरचा ज्युनिअर