सायलीस पत्र: सिंगापूरची तिकिटं काढण्याआधी

नौपाडा, ठाणे
8 मार्च

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

वाशीच्या एजंटाचं कोटेशन आणि तू स्वतः शोधलेली तिकिटांची यादी, दोन्ही शेजारी ठेवून वाचलं. फोनवर मुलं मध्येमध्ये बोलतात आणि निम्मं राहून जातं, म्हणून लिहूनच कळवते. कोटेशनमध्ये 'यूएसएस विथ एक्स्प्रेस' (म्हणजे युनिव्हर्सल स्टुडिओज सिंगापूर, छोट्या रांगेच्या पासासकट) एवढंच आहे आणि खाली ठळक अक्षरात 'आजच बुक करा'. आज काहीही बुक करू नकोस. आधी शिवणाची टेप काढ आणि दोन्ही मुलांची उंची मोज.

युनिव्हर्सल स्टुडिओजच्या तिकीट खिडकीवर वय बघतात, पण आत राइडच्या दारात उंची बघतात. तिथे पट्टी लावलेली असते आणि एक सेंटिमीटर कमी भरला तरी मूल परत पाठवतात, कितीही रडलं तरी. त्यांचंही बरोबर आहे. सीटवरचा अडसर त्या उंचीच्या अंगाला धरूनच बसवलेला असतो. जानेवारीत दाराच्या चौकटीवर खूण केली तेव्हा ईशान 118 भरला होता आणि ओवी 96. तेवढीच धरून सांगते. बॅटलस्टार गॅलॅक्टिका, म्हणजे ती लाल आणि निळी रोलर कोस्टरची जोडी, 125 सेंटिमीटरला. रिव्हेंज ऑफ द ममी 122 ला. म्हणजे या दोन्ही ईशानसाठी बंद. ट्रान्सफॉर्मर्स 102, जुरासिक पार्कची पाण्यातली रॅपिड्स 107, पुस इन बूट्सची राइड 100: या तिन्हीत तो मोठं माणूस सोबत असेल तर बसू शकतो. ओवीला त्यातली एकही नाही. तिला कॅनपी फ्लायर आणि एन्चँटेड एअरवेज मिळतील, दोन्हींना किमान 92 लागतात आणि शेजारी मोठं माणूस हवं. बाकी तिचा दिवस सेसमी स्ट्रीट, मिनियन आणि कार्टूनमधली पात्रं बघण्यात जाईल, आणि ते तिला पुरेसं आहे.

आता हाच हिशेब एक्स्प्रेसला लाव. एक्स्प्रेस हे प्रवेशाचं तिकीट नाही. प्रवेशाचं वेगळं काढावं लागतं, वर हा जास्तीचा पास. त्यात दोन प्रकार असतात. साध्या एक्स्प्रेसमध्ये ठरावीक राइडना प्रत्येकी एकदाच छोट्या रांगेतून जाता येतं, अनलिमिटेडमध्ये हवं तितक्यांदा. दोन्हींचा दर तारखेप्रमाणे वरखाली होतो. एजंटाने यातला कुठला धरलाय हे लिहिलेलंच नाही, ते त्याच्याकडून लेखी घे. बॅटलस्टार आणि ममी या दोन मोठ्या राइडमध्ये ईशान बसूच शकत नाही. उरतात तीन-चार. पासाची किंमत त्या तीन-चारांनी भागून बघ, म्हणजे एकेका रांगेमागे किती मोजतेस ते कळेल. ओवीसाठी तर एक्स्प्रेसचा विचारच सोड. तू आणि निखिलराव, तुम्हा दोघांना मोठ्या राइड करायच्या असतील तर सिंगल रायडरची रांग बघा. काही राइडना ती वेगळी असते. डब्यात एखादी सीट रिकामी राहिली की त्या रांगेतल्या एकट्या माणसाला बसवतात, म्हणून ती भराभर सरकते. जास्तीचे पैसे पडत नाहीत, फक्त शेजारी शेजारी बसायला मिळत नाही. मुलं बरोबर असतील तर राइडच्या दारातल्या माणसाला 'चाइल्ड स्वॅप' विचार. एक पालक जाऊन येतो, दुसरा मुलांपाशी थांबतो, आणि मग दुसऱ्याला पुन्हा अख्खी रांग लावावी लागत नाही.

एक्स्प्रेस लागेल की नाही हे खरं तर वार आणि महिना ठरवतो. आपल्या शाळांना मे महिनाभर सुट्टी, पण सिंगापूरच्या शाळांची मोठी सुट्टी जून महिन्यात. त्यामुळे तुम्ही म्हणताय तो 10 ते 16 मेचा आठवडा चांगला आहे. त्यातला मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार धर. 1 मेची तिथेही सुट्टी असते, आणि वेसाक म्हणजे त्यांची बुद्धजयंती मेमध्ये किंवा जूनच्या तोंडावर येते. ती तुमच्या आठवड्यात येत नाही ना, तेवढं कॅलेंडरवर बघ. सुट्टीला लागून आलेला शुक्रवार किंवा सोमवारही टाळायचा. मधल्या वारी गेलात तर एक्स्प्रेस आधी घेऊच नकोस. आत गेल्यावर अकराच्या सुमारास राइडच्या दारातल्या पाट्यांवर किती मिनिटं दाखवतायत ते बघ, आणि गरज वाटलीच तर तिथेच घे. शनिवार-रविवारच हाती उरला असता तर मी उलट सांगितलं असतं: दोघं मोठी आणि ईशान, तिघांचा साधा एक्स्प्रेस आधीच काढून ठेव, कारण गर्दीच्या दिवशी तो संपतो.

पावसाचं मात्र नीट लक्षात घे. सिंगापुरात मेमध्ये दुपारनंतर गडगडाट होऊन सर येते, आणि वीज जवळ आली की उघड्यावरच्या राइड थांबवतात. कॅनपी फ्लायर, रॅपिड्स, एन्चँटेड एअरवेज, बॅटलस्टार, सगळ्या उघड्यावर. वादळ अर्ध्या तासात जाईल किंवा दोन तास बसेल. तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत आणि एक्स्प्रेसचेही नाहीत. म्हणून उघड्यावरच्या सकाळी उरकायच्या, ट्रान्सफॉर्मर्ससारख्या छताखालच्या दुपारसाठी ठेवायच्या. बहुतेक लोक फाटकातून आत शिरले की पहिल्या ओळखीच्या नावाकडे धावतात आणि दुपारी पाऊस आला की उघड्या राइडच्या दारात ताटकळतात. तू दार उघडताच थेट कॅनपी फ्लायर गाठ. त्याच्या एका पाळण्यात मोजकीच माणसं मावतात, त्यामुळे रांग छोटी दिसली तरी फार हळू सरकते. तिथून जवळच रॅपिड्स. त्यात माणूस कमरेपर्यंत भिजतं, कधी डोक्यापर्यंत. ईशानचा एक कपड्यांचा जोड आणि घरचेच पातळ रेनकोट न्या. तुला यूट्यूबवर जे मादागास्करचं दालन दिसलं ते आता नाही. त्या जागी 14 फेब्रुवारी 2025 पासून मिनियन लँड आहे. जुने व्हिडिओ बघून बेत आखलास तर अर्धा दिवस नकाशा शोधण्यात जाईल.

पार्क किती वाजता उघडतं आणि बंद होतं हे दर दिवशी सारखं नसतं. तारीख ठरली की त्यांच्या साइटवर त्याच तारखेची वेळ बघ. समजा दहा ते सात मिळाले, तर हातात नऊ तास. जेवणाचा एक, पाण्यातल्या वॉटरवर्ल्ड खेळाला जागा धरून बसण्यासकट पाऊण, ओवीच्या डुलकीचा एक. उरले साधारण सहा. हे सहा तास तू विकत घेतेस, आणि म्हणूनच मला एजंटाच्या कोटेशनमधला दुसरा शब्द टोचतो: 'एसआयसी'. म्हणजे सगळ्यांच्या बसमधली सीट. ती बस चार-पाच हॉटेलं फिरून माणसं गोळा करते. पोचायला अकरा होतात आणि सहाला परत बसमध्ये बसा म्हणतात. सहातले दोन तास तिथेच गेले. एजंटाला सांग, पार्कच्या दिवशी ट्रान्स्फर नको, तेवढे पैसे कमी कर. पार्क सेंटोसा बेटावर आहे. एमआरटी म्हणजे तिथल्या मेट्रोने हार्बरफ्रंट स्टेशनला उतरायचं, वर व्हिवोसिटी मॉल, त्याच्या तिसऱ्या मजल्यावरून सेंटोसा एक्स्प्रेस ही मोनोरेल. बेटावर जायचे माणशी 4 सिंगापूर डॉलर, परतीचं काही नाही. बोर्डवॉकवरून चालत जाणंही फुकट आहे, पण मला, तुझ्या बाबांना आणि ओवीला त्या उकाड्यात नको.

टॅक्सीचं एक सांगून ठेवते, कारण तुम्ही ॲपवरून गाडी बोलावण्याचं म्हणत होतात. तिथल्या कायद्याने 1.35 मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला ॲपवरच्या खासगी गाडीत बाळसीट लागते. रंगीत मीटरच्या टॅक्सीला त्यातून सूट आहे. आपली दोन्ही मुलं त्या मापाखाली. साधी गाडी बोलावलीत तर चालक दारातूनच नाही म्हणेल.

वयाच्या रेषाही सगळीकडे एकसारख्या नाहीत. युनिव्हर्सलमध्ये चार वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, चार ते बारा बालतिकीट. मंदाईच्या प्राणिसंग्रहालयात, नाइट सफारीला आणि बर्ड पॅरडाइजला मात्र बालतिकीट तिसऱ्या वर्षापासूनच लागतं. वय धरायचं ते भेटीच्या दिवशीचं. ओवीला चार 22 मेला पूर्ण होतात. म्हणजे ठरलेल्या आठवड्यात युनिव्हर्सलला ती फुकट आणि मंदाईला तिचं तिकीट काढायचं. एजंटाने दोन्हीकडे तिचे पैसे लावलेत, त्यातले युनिव्हर्सलचे कमी करून घे. तिचा पासपोर्ट फाटकाशी हाताशी ठेव, जन्मतारीख मागतात.

कॉम्बोच्या मोहात पडू नकोस. केबल कार, मेणाचे पुतळे, मत्स्यालय, संध्याकाळचा विंग्ज ऑफ टाइम शो, सगळं मिळून स्वस्त दिसतं खरं. पण तीन गोष्टी बघायच्या आणि पाचांचे पैसे भरायचे, तर ती सूट तुझी नाही. तुझ्या यादीतलं मंदाई आणि सेंटोसा एकाच दिवशी तर मुळीच जमायचं नाही. एक शहराच्या उत्तर टोकाला, दुसरं दक्षिणेला. नाइट सफारी संध्याकाळी 7:15 ला उघडते आणि प्रवेशाची वेळ ठरवून तिकीट घ्यावं लागतं. पहिली वेळ आधी भरते आणि मुलं जागी असताना जायचं तर तीच हवी. त्याच दिवशी दुपारी बर्ड पॅरडाइज केलंत तर मंदाईचं दोन पार्कांचं तिकीट घेणं योग्य. ते कॉम्बो मला पटतं, कारण दोन्ही जागा लागून आहेत.

आमच्या तिकिटांचं मायेपोटी ठरवू नकोस. युनिव्हर्सलमध्ये नुसतं बसायला येणाऱ्यालाही पूर्ण प्रवेश लागतो. बाबांचा गुडघा बघता त्यांना दिवसभर ते फिरणं नको, आणि माझं मन त्यांच्यापाशीच राहील. आम्ही दोघं शेजारच्या ओशनेरियममध्ये जाऊ. ते पूर्वीचं सी ॲक्वेरियम, जुलै 2025 पासून मोठं करून नव्या नावाने उघडलंय. आत गारवा आहे. दुपारी ओवी कंटाळली तर तिला आमच्याकडे बाहेर आणून दे. मात्र फाटकातून निघण्याआधी परत प्रवेशाचा शिक्का मागून घे.

पैसे भरण्याबद्दल. कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत का ते बँकेच्या ॲपमध्ये आधी बघ. मार्च 2020 पासून दिलेल्या कार्डांवर ते बंदच असतात आणि आपण चालू करावे लागतात, नाहीतर तिकीट निवडून झाल्यावर शेवटच्या पानावर पेमेंट अडकतं. 'रुपयांत भरायचं का' असं विचारलं तर नाही म्हण आणि सिंगापूर डॉलरच निवड. रुपयांचा दर ते लोक आपल्या सोयीचा लावतात. बँकेचा मार्कअप, म्हणजे परकीय चलनावरचा जादा आकार, साडेतीन टक्के असेल तर त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 4.13 टक्के होतो, म्हणजे 500 डॉलरवर साधारण 20 डॉलर 65 सेंट. निखिलरावांचं कार्ड बिनमार्कअपचं असेल तर त्यावरूनच काढा.

आणि क्रम चुकवू नकोस. विमान, मग व्हिसा, मग पार्क. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या आधीच्या तीस दिवसांत करायचा असतो, म्हणजे तुमचा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. फोटो 35 बाय 45 मिलिमीटरचे, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. व्हिसा हातात पडेपर्यंत पार्कचं तारखेचं, परत न होणारं एकही तिकीट काढायचं नाही. पोचायचा दिवस धरून आधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड (सिंगापूरचा आगमनाचा ऑनलाइन फॉर्म) भरायचं, ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती बंद कर. तिकिटं आली की प्रत्येकाचा क्यूआर वेगळा आहे का ते बघ, सगळ्यांचे स्क्रीनशॉट दोन फोनमध्ये ठेव आणि एक कागदी प्रत पर्समध्ये.

एखाद्या शनिवारी खारघरहून खोपोलीला इमॅजिकात जाऊन या. मुलं उन्हात किती तास टिकतात आणि अंधाऱ्या राइडमध्ये ईशान घाबरतो का, ते तिथे कळेल. तो घाबरला तर ट्रान्सफॉर्मर्सही यादीतून काढ, मग एक्स्प्रेसचा प्रश्नच उरत नाही.

निखिलरावांना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझी,
आई

ता.क. उंची मोजताना ईशानला भिंतीला टाचा लावून उभा कर आणि डोक्यावर पुस्तक आडवं धर, केसांचा फुगा दाबून. अनवाणी मोज. मे उजाडेपर्यंत तो 119 झाला तरी वरचं काही बदलत नाही. 122 झाला तर मला लगेच फोन कर.