तसबिरींचा काठ कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची साफसफाई असो वा वाडा पाडण्यापूर्वीची आवराआवर, जुन्या तसबिरी रद्दीत जाताना मी अनेकदा पाहिल्या आहेत. त्याच घरातली माणसे नव्या सदनिकेच्या भिंतीसाठी कॅनव्हासवर छापलेली चित्रे चांगली किंमत मोजून आणतात, याचे मला फार वाईट वाटते.

माझ्या आजीच्या माजघरात लक्ष्मीची एक तसबीर होती. लक्ष्मीच्या साडीवर आजीने खरी जर आणि टिकल्या लावल्या होत्या. चित्रातल्या देवीला असे नटवण्याची हौस तेव्हा घरोघरी होती. काच तडकली म्हणून गेल्या वर्षी मी ती तसबीर एका फ्रेमवाल्याकडे दिली. नव्या चौकटीच्या मापात बसावी म्हणून त्याने चित्राखालची पट्टी कापून टाकली आणि कागद हार्डबोर्डवर कायमचा चिकटवला. त्या पट्टीवर ‘रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा’ ही इंग्रजी अक्षरे होती. आता ते चित्र कोठले, हे सांगणारा पुरावा केवळ माझ्या आठवणीत उरला आहे.

राजा रविवर्मा यांची मूळ तैलचित्रे पाहायला आपण औंधच्या श्री भवानी संग्रहालयात जातो. पण सामान्य घरांत त्यांची कला पोहोचली ती छापील चित्रांतून. त्यासाठी त्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला, जर्मनीहून यंत्रे आणि तंत्रज्ञ आणवले आणि पुढे तो कार्ल्याजवळ मळवलीला हलवला. दादासाहेब फाळके यांनीही या छापखान्यात काही काळ काम केले होते. पुण्याची चित्रशाळा तर त्याही आधीची, 1878 सालची. तिचे राम पंचायतन आपल्या कितीतरी घरांतून पूजले गेले. दगडावर चित्र रेखून केल्या जाणाऱ्या या छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करून एकाच कागदावर एकामागून एक ठसे उठवावे लागत, आणि एखादा ठसा किंचित सरकला तरी चेहरा बिघडे. शकुंतलेच्या किंवा सरस्वतीच्या चेहऱ्यावरची ती मऊ छटा अशा कष्टांतून आलेली आहे, म्हणून या चित्रांना ‘नुसते कॅलेंडर’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते. मळवलीचा तो कारखानाही 1972 साली आगीत सापडला.

अस्सल छाप ओळखायला साधे भिंग पुरते. जुन्या दगडी छपाईत रंगाचे ठिपके लहानमोठे, हाताने टिंबे दिल्यासारखे दिसतात. आजच्या यंत्रछपाईत ते बहुधा ओळीने, ठरावीक नक्षीत येतात. जुने म्हणून विकले जाणारे चित्र घेण्यापूर्वी एवढे पाहिले तरी पुष्कळ फसवणूक टळेल.

अशा चित्राचे लॅमिनेशन कधीही करू नये. मागे आम्लविरहित पुठ्ठा घालावा, काच चित्राला टेकणार नाही इतकी फट ठेवावी, आणि ज्या भिंतीवर ऊन येते किंवा पावसाळ्यात ओल धरते ती टाळावी, कारण उन्हाने रंग उडतो आणि ओलीने बुरशी व कसर येते. वाड्यांत तसबिरी आढ्यालगत पुढे झुकवून टांगत. आजच्या बुटक्या खोल्यांत त्या डोळ्यांच्या उंचीवर लावाव्यात. एका भिंतीवर एकच मोठी तसबीर, भोवती मोकळी जागा, इतकी सजावट मला पुरेशी वाटते.

आपल्या पत्राच्या गृहसजावटीच्या पानावर या तसबिरींना जागा मिळावी, आणि फ्रेमवाल्याकडे चित्र देताना ‘काठ कापू नका, चिकटवू नका’ असे स्पष्ट सांगावे व चित्राचा, खालच्या पट्टीसह, आधी एक फोटो काढून ठेवावा, एवढी वाचकांना विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा