‘सायन्स फिक्शन’चं बारसं १८५१ सालचं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला विज्ञानकथांवरचा लेख आवडला. मात्र ‘सायन्स फिक्शन’ हे नाव अमेरिकी संपादक-प्रकाशक ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ साली दिलं, हे त्यातलं विधान दोन्ही पायांनी लंगडं आहे.

एक तर १९२६ च्या एप्रिलमध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ या आपल्या मासिकाच्या पहिल्या अंकात त्यांनी मिरवलेला शब्द होता ‘सायंटिफिक्शन’. व्हर्न, वेल्स आणि पो यांच्या धाटणीची, विज्ञान आणि भविष्यवेध यांची सांगड घालणारी रंजक कथा, असा त्याचा अर्थ त्यांनी सांगितला होता. ‘सायंटिफिक’ आणि ‘फिक्शन’ एकमेकांत कोंबून केलेला हा शब्द उच्चारताना आजही जीभ अडखळते! १९२४ मध्ये याच नावाचं मासिक काढायचा त्यांचा बेत होता. पत्रकं धाडली, पण प्रतिसाद यथातथाच. पुढे १९२९ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं आणि ‘अमेझिंग’ हातचं गेलं. त्याच वर्षी काढलेल्या ‘सायन्स वंडर स्टोरीज’मध्ये त्यांनी ‘सायन्स फिक्शन’ हे सुटसुटीत नाव लावून धरलं आणि ते रुळलं. दिवाळं वाजलं नसतं तर हे नाव इतक्या लवकर रुळलं असतं का, याची मला शंकाच आहे.

दुसरं म्हणजे, ‘सायन्स फिक्शन’ हा शब्द छापून आला होता १८५१ मध्येच, लंडनला. विल्यम विल्सन या लेखकाने कवितेवरच्या आपल्या पुस्तकात तो वापरला. विज्ञानातली सत्यं गोष्टीत गुंफून सांगणारं साहित्य, असा त्याचा अर्थ. उदाहरणादाखल त्याने आर. एच. हॉर्नचं ‘द पुअर आर्टिस्ट’ हे पुस्तक घेतलं. त्यात एकच सोन्याचं नाणं मधमाशी, मुंगी, कोळी, मांजर अशा जिवांच्या डोळ्यांना कसं वेगवेगळं दिसतं, याची मजेदार हकिकत आहे. यात ना अंतराळयान, ना परग्रहवासी. विल्सनचा शब्द कुणी उचलला नाही आणि गर्न्सबॅक यांनी तो वाचला असेल असंही वाटत नाही. तरी पहिलेपणाचा मान त्याचाच.

गर्न्सबॅक यांचं त्याने काही बिघडत नाही. १९५३ पासून त्यांच्या नावाने विज्ञानकथांसाठीचे ह्यूगो पुरस्कार दिले जातातच; लेखकांच्या मानधनाला ते इतका हात आखडता घेत की भयकथालेखक लव्हक्राफ्ट त्यांना ‘ह्यूगो द रॅट’ म्हणे, हे विसरूनसुद्धा! लेखमालेच्या पुढच्या भागात विल्सनसाठी दोन ओळी राखून ठेवाव्यात, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा