पहिल्या चोवीस तासांतली लस: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. श्री. प्रकाश आबिटकर,
सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

आपण राधानगरीचे. भर पावसात वाडीवरून बाळंतिणीला दवाखान्यात आणणं म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. पण एवढी धडपड करून दवाखान्यात बाळंतपण होतं आणि तरी काही बाळं हिपॅटायटीस बी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराची पहिली लस न टोचताच घरी जातात.

मी कोल्हापुरातली निवृत्त परिचारिका. दीड महिन्याचं बाळ घेऊन आई लसीकरणाला येते. कार्डावर बीसीजीपुढे तारीख, पोलिओच्या झीरो डोसपुढे तारीख आणि हिपॅटायटीस बीच्या जन्मडोसची चौकट कोरी. विचारलं की म्हणते, "एका बाळासाठी व्हायल (लसीची बाटली) फोडत नाही म्हणाले, बुधवारी बोलावलं होतं." हा डोस चोवीस तासांच्या आत द्यायचा असतो. बुधवार उजाडेपर्यंत त्याची वेळ टळलेली असते.

बाळंतपणात आईकडून हा विषाणू आला, तर दहातल्या नऊ बाळांच्या यकृतात तो ठाण मांडून बसतो. मोठ्यांमध्ये हे प्रमाण शंभरात पाचहूनही कमी. पोटात असताना बाळाच्या प्रतिकारशक्तीला आईच्या शरीराशी जुळवून घ्यावं लागतं, म्हणून ती सुरुवातीला सौम्य असते आणि असा विषाणू तिच्या तावडीतून निसटतो. "एवढ्याशा जिवाला पेलेल का?" असं आजी विचारते, तिची काळजी खरी आहे. पण या लसीत जिवंत विषाणू नसतोच. त्याच्या बाहेरच्या आवरणातलं एक प्रथिन असतं आणि पेशींना जागं करणारा ॲल्युमिनियमचा क्षार असतो. याला नवजात बाळ उत्तम प्रतिसाद देतं. सगळ्याच लसींचं तसं नाही. न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूच्या नुसत्या शर्करा-आवरणाची लस दोन वर्षांखालच्या मुलांत नीट लागू पडत नाही. ती शर्करा प्रथिनाला जोडल्यावरच आजची पीसीव्ही ही न्यूमोकोकसची लस दीड महिन्याच्या बाळाला देता येऊ लागली.

राहिला वाया जाण्याचा प्रश्न. बीसीजी एकदा कालवली की चार तासांत संपवावी लागते, त्यामुळे सिस्टर हात आखडतात ते समजू शकते. हिपॅटायटीस बीचं तसं नाही. २ ते ८ अंशांत ठेवली आणि व्हीव्हीएम (उष्णता लागली की रंग बदलणारी बाटलीवरची खूण) ठीक असेल, तर उघडलेली व्हायल २८ दिवस चालते. सरकारचंच ओपन व्हायल धोरण तसं सांगतं. मग रविवारी रात्री जन्मलेल्या बाळाला लस का मिळू नये? बऱ्याचदा अडतं ते फ्रिजच्या किल्लीपाशी. ती ड्युटीवरच्या सिस्टरकडे द्या. कार्डावर तारखेसोबत वेळही लिहायला लावा. खासगी प्रसूतिगृहांनाही हेच बंधन हवं.

आणखी एक. डांग्या खोकल्याची पहिली लस बाळाला दीड महिन्याने मिळते. त्याआधी हा आजार झाला तर काही बाळांत खोकल्याचा आवाजही येत नाही, श्वासच थांबतो. गरोदरपणी आईला लस दिली की प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात. याच वाटेने आपण नवजात धनुर्वात हटवला. २०१५ साली भारतात त्याचं निर्मूलन जाहीर झालं. ब्रिटन २०१२ पासून गरोदर मातांना डांग्या खोकल्याची लस देतं. आपल्याकडे गरोदर मातांना मिळणाऱ्या सरकारी टीडीमध्ये (धनुर्वात-घटसर्पाच्या लसीत) ती नाही, ज्यांना परवडतं त्या खासगीत डांग्या खोकल्यासह असलेली टीडॅप घेतात. हा विषय आपण केंद्राकडे लावून धरावा.

जन्मडोसचा आदेश मात्र केंद्राची वाट न पाहता निघू शकतो. सुरुवात कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयापासून चंदगडच्या शेवटच्या उपकेंद्रापर्यंत, आपल्याच जिल्ह्यात करावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, कोल्हापूर