आमचे डोंगर बोडके नाहीत, गाडी थांबवून बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत पावसाळी लाँग ड्राईव्हचे रस्ते आले होते, नेहमीप्रमाणे माळशेज, ताम्हिणी, आंबोली आणि खान्देशातून एकटं तोरणमाळ. तोरणमाळ भारीच आहे, त्यावर वाद नाही. पण त्याच अंकात एका वाचकाचं पत्र होतं की धुळे-पिंपळनेर रस्त्यावरचे उघडेबोडके डोंगर बघवत नाहीत, तिथं झाडं लावून सुशोभीकरण करा. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

रस्ता आमच्या रोजच्या जाण्यायेण्यातला. धुळ्याहून कुसुंबा, नेर करत साक्रीपर्यंत सुरत हायवे, लोक शंभरने पळवतात, कुणी मान वळवून बघत नाही. साक्रीला डावीकडे वळून पिंपळनेर धरलं की खरा रस्ता सुरू होतो, पुढं शेलबारी घाट चढून ताहाराबादकडे उतरायचं, तिथं मांगी-तुंगीचे सुळके दिसायला लागतात. खाली पांझरा नदीच्या काठाने फडाची शेती, बंधाऱ्यावरून पाटाने पाणी घेऊन सगळ्या गावाने मिळून भिजवायची, ही पद्धत शेकडो वर्षांपासूनची आहे. ती हिरवी पट्टी आणि तिच्या डोक्यावर तांबूस-काळे सपाट माथ्याचे डोंगर, हे एका नजरेत दिसतं ते दुसरीकडे कुठं दिसतं सांगा.

आणि डोंगर सपाट का, तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, कडक थर टिकला, मऊ झिजला, म्हणून पायऱ्या पडल्या. दोन थरांच्या मध्ये विटकरी रंगाचा पट्टा दिसतो ना, ती त्या काळची माती, वरून आलेल्या लाव्हाने भाजून निघालेली. रस्ता रुंद करताना जिथं डोंगर कापलाय तिथं हा पट्टा हाताला लागतो, बोट फिरवलं की गेरूसारखी पूड येते. साक्रीहून निजामपूर-नंदुरबारकडे गेलात तर अजून एक गंमत, माळावर सरळ रेषेत काळ्या दगडाच्या भिंती, कुणी बांधल्यात असं वाटावं इतक्या सरळ. जमिनीच्या भेगांत घुसून थिजलेला लाव्हा तो, आजूबाजूचं झिजून गेलं आणि हा उभा राहिला. धुळे-नंदुरबार पट्ट्यात अशा दोनशेच्या वर भिंती मोजल्यात, सगळ्यात लांब ७९ किलोमीटर! जगभरचे भूगर्भवाले त्यावर लिहितात आणि आपल्याकडे एक बोर्ड नाही. उलट मुरूमासाठी जेसीबी लागलेला असतो, कुणाचा ते विचारायचं नाही.

आता गवताचं. दसऱ्यानंतर या उतारांवर बघा, पवन्या, मारवेल, कुसळी, हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं तांबूस होत जातं, वारा आला की अख्खा उतार हलतो. खाली उतरून चाललात तर कुसळं पॅन्टमधून आरपार मोज्यात घुसतात आणि घरी येऊन एकेक उपटत बसावं लागतं, तेवढी तयारी ठेवा. हे गवत म्हणजे रिकामी जागा नव्हे. आमच्याकडच्या ठेलारी मेंढपाळांची मेंढरं त्यावर जगतात. पण सरकारी कागदावर अशी बरीच माळरानं 'पडीक' म्हणून नोंदलेली, आणि पडीक म्हटलं की झाडं लावायला सगळे मोकळे. एका टेकडीवर खड्डे खणून ग्लिरिसिडिया लावलेला मी पाहिलाय. मेंढरं तोंड लावत नाहीत त्याला, सावलीत गवतही धड येईना. तिथल्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाला विचारलं तर म्हणे, 'आठे आते काय शे भाऊ देखाले?' म्हणजे इथं आता बघायला काय आहे भाऊ?

माझा भाचा अमेरिकेत कॅन्ससला असतो, त्याने मागे फोटो पाठवले होते, मेडिसिन लॉज ते कोल्डवॉटर, साधारण ६८ किलोमीटरचा रस्ता. आमच्यासारखेच सपाट माथ्याचे डोंगर, लोखंडाच्या गंजाने लालभडक माती, वर पांढऱ्या जिप्समचा थर आणि सगळीकडे गवतच गवत, गुरं चरतायत. तिथं राज्याने त्या रस्त्याला निसर्गरम्य मार्ग म्हणून जाहीर केलंय, पाट्या लावल्यात. भाचा म्हणाला तिथले गुरंवाले सीडरची झाडं मुद्दाम तोडतात, गवताला वणवा लावतात, तोही हिशोबाने, कारण पूर्वी अधूनमधून आग लागून झाडं आटोक्यात राहायची आणि आग विझवायला लागल्यापासून झाडांनी गवत खायला सुरुवात केली. म्हणजे त्यांच्याकडे झाड वाढलं म्हणून बोंब आणि आपल्याकडे झाड नाही म्हणून! उद्या आपणही वणवे लावा असं मी म्हणत नाही, आमच्याकडे ते कसे लागतात आणि कुठवर जातात ते सगळ्यांना माहितीये. पण गवताळ डोंगर हा तसाच असतो, त्याला काही आजार झालेला नाही, एवढं तरी मान्य करू.

झाडं लावायचीच तर गावात लावा, शाळेत लावा, रस्त्याच्या कडेची वड-चिंच रुंदीकरणात गेली ती परत लावा, आम्ही पाणी घालायला येऊ. डोंगरावर काही नको, सेल्फी पॉईंट नको, काँक्रीटचा हत्ती तर अजिबात नको. साक्री-पिंपळनेरच्या मध्ये दोन आणि शेलबारीच्या माथ्यावर एक, गाडी बाजूला घेता येईल एवढी सपाट जागा करून द्या, सध्या वळणावरच थांबावं लागतं आणि मागून उसाचा ट्रॅक्टर येतो. तिथं मराठीत बोर्ड, हा थर कसला, ही भिंत कसली. बस.

आणि तुम्ही पुरवणीत हा रस्ता छापणार असाल तर नोव्हेंबरच्या आत छापा, नंतर गवत कापून नेतात. लोकांना एवढं जरूर सांगा, मेंढरांच्या कळपावर ड्रोन उडवू नका, बिथरतात.

आपला,
एक वाचक, साक्री (जि. धुळे)