बुसानमध्ये मला वाचायला शिकवणाऱ्या मुलास

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं नाव कुठं लिहायचं नाही अशी तुझी अट होती, ती पाळते. पण हे पत्र मी चारचौघांत लिहितेय, कारण तू जे केलंस ते चारचौघांना कळावं असं मला मनापासून वाटतं. शिवाय माझ्यासारखी एखादी बाई उद्या दक्षिण कोरियातल्या बुसानला निघाली आणि यातलं काही तिच्या उपयोगी पडलं, तर तुझी वही आणखी एकीच्या कामी आली असं होईल.

बुसानच्या हेउंदे भागातल्या मेट्रो स्टेशनात प्रवासाच्या कार्डात पैसे भरायच्या मशीनसमोर मी आणि लेक उभ्या होतो. मशीन रोख वॉन मागत होतं, लेक आपली क्रेडिट कार्डं बदलून बदलून बघत होती. मी म्हणाले, "अगं, नोट सरकवून तरी बघ की." तेवढ्यात मागून आवाज आला, "काकू, कोल्हापूरच्या का?" तू परभणीचा, इथं पीएचडी करतोस, हे नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं, की इतक्या लांब कुणीतरी मला काकू म्हणालं. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.

लेकीचं ऑफिसचं काम सकाळी आठला सुरू व्हायचं आणि रात्री आठला संपायचं. तोवरचे दोन दिवस मी अकराव्या मजल्यावरच्या खोलीत बसून काचेतून समुद्र बघत काढले होते. हे ऐकल्यावर तू मला चार ठिकाणं सांगून निघून गेला असतास, तरी मी आभारच मानले असते. पण तू संध्याकाळी हॉटेलात आलास, हिरव्या पुठ्ठ्याची वही काढलीस आणि म्हणालास, "काकू, आधी वाचायला शिकू. फिरायचं मग."

मला वाटलं चेष्टा करतोयस. साठी उलटल्यावर कुणी नवी लिपी शिकतं का? तू सांगितलंस, की सेजोंग राजानं 1446 मध्ये ही लिपी लोकांना दिली, ती साध्या माणसांना वाचता यावं म्हणूनच. आज वापरात असलेली मूलभूत अक्षरं फक्त 24. चौकोन म्हणजे म. काटकोन म्हणजे न. घराचं छप्पर म्हणजे स. बादलीसारखं दिसतं ते ब. मग तू एक पाटी काढलीस: बादली आणि तिच्याखाली उकार, पुढं छप्पर आणि त्याला काना, छपराच्या पायाशी काटकोन. मी बोट ठेवत ठेवत वाचलं, "बु... सा... न." आणि तू टाळी वाजवलीस. आपली बाराखडी ज्याला येते त्याला हे अवघड नाही, स्वर आणि व्यंजन जोडायचं हाडातच असतं आपल्या, असं तू म्हणालास. खरं होतं ते. दीड तासात मी अडखळत का होईना, वाचत होते.

वहीच्या प्रत्येक पानावर एक जागा. वर मोठ्या कोरियन अक्षरांत नाव, ड्रायव्हरला दाखवायला. खाली देवनागरीत उच्चार. त्याखाली स्टेशनचा नंबर आणि बाहेर पडायच्या दाराचा नंबर. जागाल्ची 110, दार 10. तोसॉंग 109, दार 6. तिथं प्रत्येक स्टेशनाला नंबर आहे आणि प्रत्येक दारालाही, त्यामुळं दार बरोबर निवडलं की निम्मा रस्ता झालाच, हे मी कुणालाही सांगेन. आपल्याकडचा नेहमीचा नकाशा चालत जायचा रस्ता दाखवत नव्हता, म्हणून तू फोनवर नेव्हर या कोरियन कंपनीचा नकाशा घालून दिलास. बसमधून उतरतानाही कार्ड टेकवायचं, म्हणजे पुढच्या बसला किंवा मेट्रोला पुन्हा पूर्ण भाडं पडत नाही, हेही लाल शाईत लिहिलंस.

आणि शेवटून दुसरं पान. माझ्या गळ्यातली माळ बघून तू काही न विचारता ते लिहिलंस: "गोगी, सेंगसॉन, ग्येरान आन मॉगॉयो." मांस, मासे, अंडं खात नाही. खाली सूचना, की सुपाचं पाणी बऱ्याचदा सुक्या मासळीचं असतं आणि किमची या त्यांच्या कोबीच्या लोणच्यातसुद्धा मासळीचा खार असतो, तेव्हा ते टाळा. माळकरी माणसाला परदेशात याहून मोठी मदत कुठली असणार?

पहिल्या दिवशी तू मला गामचॉनला पाठवलंस. तोसॉंगला उतरले आणि गडबडीत उलट्या दिशेची बस पकडली. दोन थांब्यांनंतर बाहेरच्या पाट्या वाचल्या, एकही पाटी वहीतल्या अक्षरांशी जुळेना. उतरले, रस्ता ओलांडला आणि समोरून येणाऱ्या छोट्या बसच्या कपाळावरची अक्षरं जुळवली: गाम-चॉन. ती बस मी स्वतः वाचून पकडली, बाळा. हात दाखवताना छाती धडधडत होती.

गामचॉनची रंगीत घरं सगळ्यांनी फोटोत बघितलेली असतात. डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी एकावर एक चढलेली निळी, पिवळी, गुलाबी घरं. 2009 च्या सुमारास कलाकारांनी ती वस्ती रंगवायला घेतली, त्याआधी ती गरिबांची साधी वस्ती होती. तू लिहिलं होतंस, "इथं लोक राहतात. हळू बोला. कुणाच्या दारात डोकावू नका." मी फोटो फार काढले नाहीत. पण तू सांगितलं नसतंस तर शेजारच्या आमी-दोंग या वस्तीत मी गेलेच नसते, आणि माझ्या मनात तेच राहिलंय.

1950 मध्ये कोरियाचं युद्ध पेटलं तेव्हा उत्तरेकडून माणसांचे लोंढे या बंदरात आले. राजधानी सोल शत्रूच्या हाती पडली होती आणि बुसान ही देशाची तात्पुरती राजधानी झाली होती. डोकं टेकायला जागा नव्हती. आमी-दोंगला जपानी राजवटीतलं जपानी लोकांचं स्मशान होतं. निर्वासितांनी तिथंच घरं बांधली, थडग्यांचे दगड जोत्याला, पायरीला, भिंतीला लावले. एका घराच्या कोपऱ्यात मी तो दगड बघितला. त्यावरची कोरलेली अक्षरं अजून शाबूत होती. दगडावर गॅसचा सिलिंडर ठेवलेला, आणि शेजारी थर्माकोलच्या खोक्यात कांद्याची पात लावलेली. पात ताजी होती, नुकतंच पाणी घातलेलं. मेलेल्या परक्या माणसाच्या नावावर जिवंत माणसाचा संसार उभा. मी चप्पल काढली आणि हात जोडले. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

येऊंगदो पुलाच्या पानावर तू वेळ लिहून तीनदा अधोरेखित केली होतीस: शनिवार, दुपारी 2. मी दीडलाच जाऊन बसले. 1934 चा पूल, जहाजांना वाट द्यायला त्याचा एक भाग वर उचलला जायचा. 1966 ला ते बंद पडलं आणि 2013 पासून पुन्हा सुरू झालं. पूल उचलला गेला तेव्हा डांबरी रस्ता, त्यावरचे पांढरे पट्टे, सगळं भिंतीसारखं उभं राहिलं. माझ्या शेजारी एक आजी बाकावर बसल्या होत्या, माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी मोठ्या. त्या पुलाकडं बघत नव्हत्या, कठड्याकडं बघत होत्या.

तू लिहिलं होतंस, की पळताना ताटातूट झालेल्या माणसांना बुसानमधलं एवढं एकच ठिकाण नावानं ठाऊक होतं, म्हणून सगळे एकमेकांना सांगायचे, "येऊंगदो पुलावर भेटू." मग बायाबापड्या इथं येऊन रोज वाट बघायच्या, कठड्याला चिठ्ठ्या लावायच्या, आणि पुलाच्या पायथ्याशी ज्योतिषांची रांग बसलेली असायची. माणूस जिवंत आहे का, एवढंच विचारायला लोक त्यांच्याकडं जायचे. त्या आजींना मी काही विचारलं नाही. विचारण्याएवढी भाषा माझ्याकडं नव्हती, आणि असती तरी विचारलं नसतं. पिशवीतला भडंगाचा पुडा पुढं केला. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

जागाल्ची म्हणजे कोरियातला मोठा मासळीबाजार. माळकऱ्याला तिथं काय काम, असं लेक म्हणाली. पण मी माणसं बघायला गेले होते. रबरी बूट, रंगीत एप्रन घातलेल्या बायका पहाटेपासून पाण्यात उभ्या राहून धंदा करतात. युद्धानंतर याच बायकांनी घरं जगवली, असं तू सांगितलंस. "ओइसो, बोइसो, साइसो," म्हणजे या, बघा, घ्या. ही खास बुसानची बोली, सोलकडचे लोक असं बोलत नाहीत, हेही तू लिहिलं होतंस. कोल्हापूरची बोली पुण्यात ऐकली की कसं वाटतं ते आठवून मला त्या बायका फार जवळच्या वाटल्या. तिथून नाम्पो-दोंगात गेले आणि सिआत होत्तॉक खाल्लं. तव्यावर तेलात तळलेली गोड पोळी, कात्रीनं पोट फाडून आत सूर्यफुलाच्या आणि भोपळ्याच्या बिया, शेंगदाणे भरतात. कागदी पेल्यात देतात, आतला गुळासारखा पाक ओठ भाजतो. संक्रांतीच्या गुळपोळीची सख्खी बहीण! पलीकडं बोसू-दोंगची जुन्या पुस्तकांची गल्लीही बघून आले. तीही निर्वासितांनीच सुरू केलेली.

हेउंदेच्या वाळूबद्दल आणि ग्वांगानच्या पुलावरच्या दिव्यांबद्दल सगळेच लिहितात. छान आहेत, संध्याकाळी एकदा जाऊन यावं. बॉमॉसाला मात्र सकाळी जावं, 678 सालचं देऊळ, झाडी आणि थंडगार दगडी पायऱ्या. त्या नावातलं "बॉम" म्हणजे आपलंच ब्रह्म, हे वाचून मी तिथं बराच वेळ बसले. खाली उतरल्यावर बिबिम्बापच्या, म्हणजे भात-भाज्यांच्या, दुकानात वहीचं पान दाखवलं, तर मालकीणबाईंनी अंडं काढून त्याजागी दुप्पट भाजी घातली.

आता समुद्रावरच्या देवळाबद्दल, हेदोंग योंगुंग्सा. तिथली बहुतेक जुनी देवळं डोंगरात, हे मात्र खडकावर, लाटांच्या तोंडाशी. खाली उतरायला 108 पायऱ्या. मी माळ हातात घेतली आणि पायरीला एक मणी असं उतरले. शेवटच्या पायरीला मेरुमणी आला! हे देऊळ 1376 मध्ये नाओंग नावाच्या भिक्खूंनी स्थापलं आणि त्या नाओंगांचे गुरू भारतातून, मगधाकडून गेलेले होते, असं तू लिहिलं होतंस.

नोव्हेंबरचा महिना, कॉलेज प्रवेशाच्या मोठ्या परीक्षेचा आदला दिवस. देवळात आयाच आया. विद्येत यश देणाऱ्या बुद्धापुढं एक बाई गादीवर गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून पुन्हा उभी राहत होती, पुन्हा पुन्हा. मोजत असावी. पोनीटेलमधून सुटलेले केस घामानं गालाला चिकटलेले. शेजारी मुलाचा फोटो उभा करून ठेवलेला. बोर्डाच्या परीक्षेला अंबाबाईच्या देवळात मी अशाच उभ्या राहिलेल्या आया बघितल्यात, मीही राहिलेय. माझी आता परीक्षेची मुलं नाहीत. म्हणून मी तुझ्या प्रबंधासाठी मागितलं. तुला सांगितलं नव्हतं, आज सांगतेय.

ओन्चॉन्जांगच्या गरम पाण्याच्या कुंडाबद्दल एकच सांगते. रस्त्याच्या कडेला, फुकट, पाय सोडून बसायचं. वज्रेश्वरीची आठवण आली. माझ्याकडं टॉवेल नव्हता, तर शेजारच्या बाईंनी स्वतःचा अर्धा टॉवेल माझ्या मांडीवर टाकला. अर्धा त्यांच्या, अर्धा माझ्या. "कामसाहाम्निदा", म्हणजे धन्यवाद, म्हणाले, तर त्यांनी माझा उच्चार सुधारून दिला.

11 नोव्हेंबरला तू लॅबमधून सुट्टी काढून माझ्याबरोबर संयुक्त राष्ट्रांच्या दफनभूमीत आलास. सकाळी बरोबर 11 वाजता भोंगा झाला आणि एक मिनिट सगळे स्तब्ध उभे राहिले. तिथं कोरियाच्या युद्धातले 2,300 च्या आसपास सैनिक पुरलेले आहेत. सर्वांत लहान 17 वर्षांचा, ऑस्ट्रेलियाचा. त्याच्या नावानं तिथं पाण्याचा एक पाट वाहता ठेवलाय. तिथं मात्र मी तुला काहीतरी सांगू शकले. आमचे सासरे फौजेत होते, त्यामुळं घरात जनरल थोरातांचं नाव नेहमी निघायचं. आपले कोल्हापूरचे शंकरराव थोरात 1953 मध्ये युद्धकैद्यांची जबाबदारी घेतलेल्या भारतीय तुकडीचे प्रमुख म्हणून कोरियातच होते. आणि त्याच्या आधी, 1950 च्या नोव्हेंबरात, आपली 60 वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स याच बुसान बंदरात उतरली होती, लढायला नाही, जखमींवर उपचार करायला. तू वही माझ्या हातातून घेतलीस आणि ते लिहून घेतलंस. तेवढं एक पान तुझ्या वहीत माझं.

जाताना तू वही मलाच दिलीस. शेवटचं पान कोरं होतं, वर फक्त "काकू, इथं तुम्ही लिहा." घरी येऊन मी ते भरलं, पण ते तुला दाखवायचं नाही, माझ्याकडंच राहू दे.

लेकीची सहकारीण पुढच्या आठवड्यात बुसानला येतेय. तिच्याबरोबर कांदा-लसूण चटणी, दोन किलो ज्वारीचं पीठ आणि भडंग पाठवतेय. माळकऱ्याच्या घरात कांदा-लसूण कसा, म्हणून विचारू नकोस, ती चटणी शेजारच्या वहिनींकडून खास तुझ्यासाठी करून घेतलीय. बरणीच्या झाकणावर मी कोरियन अक्षरांत "चटणी" लिहिलंय. आपला ट आणि ण त्यांच्यात नाहीत, तेवढं सांभाळून वाच.

तुझी,
कोल्हापूरची काकू