मोठा रेडिएटर हा उपाय नव्हे

संपादक महोदय,

जुना ट्रक तापत असेल तर मोठा रेडिएटर बसवा, हा आपल्या पुरवणीतला सल्ला अर्धवट वाटला. आधी पंख्याभोवती श्राउड, म्हणजे रेडिएटरची पूर्ण जाळी झाकून पंख्याभोवती गोल कड्यात संपणारं पत्र्याचं आवरण आहे का, ते बघा. नसेल तर पंखा समोरच्या गोलापुरतीच हवा ओढतो. जाळीचे कोपरे बिनकामाचे. मी पत्र्याचं काम करतो. श्राउड करताना आधी पुठ्ठ्याचा साचा गाडीवर बसवून बघायचा, मगच १.२ मिलिमीटरचा पत्रा कापायचा. पंख्याची पाती रुंदीने निम्मी कड्याच्या आत, निम्मी बाहेर. पात्यांची टोकं आणि कडं यांच्यात चहूबाजूंनी साधारण २० मिलिमीटर मोकळं हवं. फट कमी ठेवायचा मोह होतोच, पण रेडिएटर चासीवर, पंखा इंजिनावर! रेस दिली की इंजिन माउंटिंगच्या रबरावर डुलतं आणि पाती कड्याला घासतात.

– एक पत्रा कारागीर